अण्णा धैर्यवानांचा हिराकस

लोखंडाचा उपयोग जगात पुष्कळांना होतो, पण लोखंडावर जीव जडलेला माणूस गिरगावात एकच होता. ठाकूरद्वारला राहणारे कमलाकांत धैर्यवान, म्हणजे सगळ्या वाडीचे अण्णा. आडनाव धैर्यवान, पण समोरून बैल आला तर टोपी सारखी करून त्याला वाट देणारा गृहस्थ. ट्रामच्या कंडक्टरने सुटे पैसे परत दिले नाहीत तर पुढच्या थांब्यावर उतरून चालत जायचे, पण मागायचे नाहीत. घरात मोठ्याने शिंकसुद्धा देत नसत. अशा माणसाच्या हातात एक परीक्षानळी दिली, तीत चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, टाकला आणि विचारलं, "अण्णा, हे काय?" की संपलं. मग समोर बैल येवो, कंडक्टर येवो, नाहीतर गव्हर्नर येवो. अण्णा एक तासभर कोणाला हलू देत नसत.

"लोखंडाला दोन मनं असतात," अण्णा सांगत. "एक फेरस आणि एक फेरिक. फेरस म्हणजे नवी सून. फिकट, हिरवट, मान खाली. हवेतला प्राणवायू लागला की तिचीच फेरिक होते. मग पिवळी, तांबूस, आणि कोणाचं ऐकत नाही."

यावर आतून दुर्गावहिनींचा आवाज येई, "सून हवेनं नाही हो बिघडत. सासूनं बिघडते."

"तेच ते," अण्णा म्हणत. "प्राणवायू कुठूनही आला तरी चालतो."

दुर्गावहिनींशी त्यांचं लग्नसुद्धा लोखंडानेच जमवलं होतं. मुलगी बघायला गेले तेव्हा पुढे मोरावळा आला. काळाकुट्ट. अण्णांनी मुलीकडे बघायचं सोडून बशी खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि विचारलं, "कढई लोखंडी का हो?" मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. पाहुणे नावं ठेवतायत, असं त्यांना वाटलं. पण मुलगी शांतपणे म्हणाली, "हो. पितळेची मामांकडे गेलीय." आवळ्याचा तुरटपणा आणि कढईचं लोखंड यांची भेट झाली की काळा रंग येतो, हे अण्णांनी तिथल्या तिथे सगळ्यांना समजावून सांगितलं आणि शेवटी, जाता जाता, मुलगी पसंत असल्याचंही सांगितलं. मुलीने पुढे आयुष्यभर आवळे लोखंडी कढईतच शिजवले. प्रेम व्यक्त करायच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात.

अण्णा गिरगावातल्या एका शाळेत शास्त्र शिकवत. शाळा नावाजलेली होती आणि तिच्यात प्रयोगशाळाही होती. म्हणजे एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला होती. परीक्षानळ्या फुटतात, हा हेडमास्तरांच्या आयुष्यातला एकमेव वैज्ञानिक शोध. "धैर्यवान, प्रयोग फळ्यावर करा," असा त्यांचा हुकूम होता. मग अण्णा बिचारे फळ्यावर नळी काढत, तीत हिरव्या खडूने फेरस भरत, डस्टरने ते पुसत आणि पिवळ्या खडूने फेरिक भरत. पोरं जांभया देत. अण्णा घरी येऊन म्हणत, "दुर्गा, मी लोखंडाच्या नावावर आयुष्यभर खडू विकला."

ही खंत त्यांनी एकदा चुलतभावाजवळ बोलून दाखवली. मनमोहन धैर्यवान. आजोबांच्या मिळकतीच्या वाटण्या झाल्या तेव्हा मनमोहनरावांच्या वडिलांकडे लालबागची चाळ आली आणि अण्णांच्या वडिलांकडे आजोबांची दुर्बीण आली, तीही एका डोळ्याची. मनमोहनराव मनाने वाईट नव्हते. फक्त आपला दिलदारपणा चारचौघांना दिसावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. त्यांनी चाळीतली तळमजल्याची कोळशाची खोली अण्णांना वापरायला दिली आणि म्हणाले, "घे रे कमळू. कर तिथे काय तुझी राख-रांगोळी करायची ती."

त्या खोलीने अण्णांचं आयुष्य बदललं. शाळा सुटली की गिरगावातून ट्राम पकडायची आणि लालबागला उतरायचं. कोळसा बाहेर गेला होता, पण त्याची काळी छटा भिंतींवर राहिली होती. फळीवर मुरंब्याच्या बरण्या होत्या. कशात हिरडे, कशात चुना, कशात खिळे. आणि खाली बाकड्याखाली घासलेटच्या रिकाम्या डब्यात हिराकस, फिकट हिरवे खडे, खडीसाखरेसारखे. समोर चटईवर चाळीतली मुलंमुली, आणि गिरणीतली पाळी संपवून आलेले त्यांचे बापसुद्धा.

हिरड्याच्या काढ्यात हिराकसाचं पाणी ओतलं की दोन्ही फिकट पाणी मिळून शाई होते, हा पहिल्या दिवसाचा प्रयोग. अण्णांनी ओतलं. पाणी काळंनिळं झालं. आणि चटईवरून एक आवाज आला, "पण ह्या कित्याक असा जाता, अण्णानु?"

हा गुणाजी परब. मालवणकडचा, गिरणीच्या रंगखात्यात कामाला, छाती बैलगाडीएवढी, चाळीच्या गणपती मंडळाचा मुख्य. इतक्या वर्षांत "हे परीक्षेला आहे का?" असं अण्णांना शेकडो वेळा विचारलं गेलं होतं. "हे असं का होतं?" असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, आणि रात्री घरी जाऊन दुर्गावहिनींना सांगितलं, "तिथे माणसं आहेत."

तर छप्पन सालच्या श्रावणात ही खोली जायची वेळ आली, आणि ती अण्णांनी स्वतःच्या हाताने आणली.

झालं असं. मनमोहनरावांना जे. पी., म्हणजे सरकारी मानाचे 'जस्टिस ऑफ द पीस', व्हायचं होतं. नावापुढे ती दोन अक्षरं लागली की माणूस मेल्यावरही भारदस्त दिसतो, असा त्यांचा समज होता. सचिवालयातल्या एका साहेबाची शिफारस पाहिजे होती, आणि साहेबाला पाहिजे होता नमुनेदार घरमालक. तेव्हा एका रविवारी दुपारी साहेबाने चाळीत चहाला यायचं ठरलं. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे, कसे होते ते सांगायला नको. जानेवारीतल्या गोळीबारात गेलेल्या पोरांचे फोटो अजून घराघरात होते, दिल्लीने नुकतंच गुजरातसह द्विभाषिक राज्य गळ्यात बांधलं होतं, आणि लालबागात कोणी कोणाला हाक मारली तरी उत्तर "झालाच पाहिजे!" असं येई. साहेबाने मनमोहनरावांना आधीच विचारून घेतलं होतं, "तिथे काही गडबड नाही ना?" मनमोहनरावांनी शब्द दिला होता.

गणपतीच्या आधी भाडेकरूंनी चाळीला चुना लावायचा आणि चुना मालकाने द्यायचा, ही तिथली जुनी रीत. चुन्यात थोडा मोरचूद घालायचा, म्हणजे पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरत नाही. त्या वर्षी मनमोहनरावांनी चुना पाठवला आणि मोरचूद वाचवला. रविवारी सकाळी पहिला हात देऊन झाल्यावर गुणाजी खोलीत आला.

"अण्णानु, मोरचूद हा थोडो?"

अण्णांचे डोळे चमकले. "मोरचूद कशाला? ते तांबं, गुणाजी! मी तुला लोखंड देतो. हिराकस घाल. शेवाळ, बुरशी, काही जिवंत राहायचं नाही."

"किती घालू?"

"डबाच ने."

हे अण्णा बोलले. ज्या अण्णांनी शेकडो वेळा शिकवलं होतं की फेरसला चुन्यासारखा अल्कली भेटला की त्याचा हिरवट साका होतो, आणि त्या साक्याला हवा लागली की तो गंजाच्या रंगाचा होतो, त्या अण्णांना त्या क्षणी ते आठवलंच नाही. तो धडा त्यांना नळीतला माहीत होता. भिंत ही एवढी मोठी उघडी नळी आहे, असं त्यांच्या मनात आलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला प्रेयसी गर्दीत पटकन ओळखू येत नाही, तसं काहीसं.

दुसरा हात फिरला. भिंती ओल्या, हिरवट दिसायला लागल्या. मनमोहनराव परीटघडीचा कोट घालून पाहणीला आले आणि थबकले.

"गुणाजी, हिरवं दिसतंय रे."

"ओलो हा, शेट. सुकलो की पांढरो जातलो."

हे मात्र सगळ्या गिरणगावाला माहीत होतं. ताजा चुना ओला असताना कधीच पांढरा दिसत नाही, सुकतो तसा उजळतो. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आकाश ढगाळ होतं, भिंती सुकायचं नाव घेत नव्हत्या, आणि दुपारी साहेब आले तेव्हा चाळ कोवळ्या कैरीसारखी दिसत होती. साहेबाला ती आवडलीसुद्धा.

अंगणात टेबल, टेबलावर शुभ्र चादर, चादरीवर मनमोहनरावांच्या घरचा चांदीचा चहाचा सरंजाम. साहेब भिंतीकडे पाठ करून बसले. मनमोहनराव भिंतीसमोर. गॅलऱ्यांतून सगळी चाळ खाली बघत होती. तेवढ्यात ढग बाजूला झाले, ऊन पडलं आणि समुद्राकडून वारा सुटला.

"साहेब, भाडेकरू म्हणजे माझी मुलंच," मनमोहनराव म्हणत होते. "आमच्या चाळीत राजकारणाचा रंगसुद्धा तुम्हाला..."

इथे त्यांचं वाक्य थांबलं. साहेबाच्या डोक्यामागे, डाव्या कोपऱ्यात, भिंत पिवळी पडत होती.

"रंगसुद्धा काय?" साहेबाने विचारलं.

"दिसणार नाही," मनमोहनराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. पिवळा रंग कोपऱ्यातून पुढे सरकला. मग जिन्याकडून दुसरा निघाला. पिवळ्याचा केशरी झाला, केशरीचा गेरूसारखा. वरच्या गॅलरीत गुणाजीची बायको सुभद्रा उभी होती. ती कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "अगो बाय! भिंतीक हळद लागली!"

आणि खोलीच्या दारात उभे असलेले अण्णा, शिंक दाबून देणारे अण्णा, सगळं विसरून ओरडले, "फेरिक! फेरिक!"

लालबागात कोणी काही ओरडलं की पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. तिन्ही मजल्यांवरून एका दमात उत्तर आलं, "झालाच पाहिजे!"

साहेब उठले. वळून पाहिलं. अख्खी तीन मजली चाळ भगवी झाली होती. त्यांनी कप खाली ठेवला, तडक गाडीत बसले, आणि नाक्यावरच्या इराण्याच्या टेलिफोनवरून पोलीस चौकीला कळवून मगच पुढे गेले.

मनमोहनरावांचा तिळपापड झाला होता. जे. पी. गेलंच होतं, आता राग काढायला कोणीतरी पाहिजे होतं. त्यांनी चाळीच्या भय्याकडून कुलूप मागवलं, भलं मोठं, आणि अण्णांच्या खोलीसमोर येऊन उभे राहिले.

"कमळू, सामान बाहेर काढ."

"भाई, ही रासायनिक चूक आहे. माझी."

"चूक? चूक एका भिंतीला होते. तू माझी तीन मजल्यांची चाळ मोर्चाला नेलीस!"

तेवढ्यात फौजदार चौबळ दोन शिपाई घेऊन आले. उंच, थकलेले, मिशीत पिकलेले. गेले आठ महिने हे गृहस्थ गिरणगावातल्या भिंतींवरच्या घोषणा पुसायच्या कामावर होते, आणि भिंत हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. त्यांनी चाळ खालून वर आणि वरून खाली बघितली.

"कोणी रंगवलं हे?"

"चुनो मी लायलंय," गुणाजी पुढे झाला.

"चल मग."

"थांबा," अण्णा म्हणाले. टोपी सारखी करून ते पुढे झाले. "चुना यानं लावला. हिराकस मी दिला. पण रंग आम्ही दोघांनीही दिलेला नाही."

"मग कोणी दिला?"

"हवेनं."

फौजदारांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "मास्तर, माझ्या नोकरीत मी बऱ्याच सबबी ऐकल्यात. हवेचं नाव प्रथमच ऐकतोय."

"दाखवून देतो. तुमच्यासमोर, आत्ता, उजेडात. रंग आपोआप आला तर कट नाही, असं मानाल?"

"आणि नाही आला तर?"

मनमोहनरावांनी हातातलं कुलूप वर धरून दाखवलं. गुणाजी शिपायांच्या मध्ये उभा होता. अण्णांनी त्या कुलपाकडे बघितलं, आपल्या बरण्यांकडे बघितलं, आणि मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर नळ्या काढल्या होत्या. खऱ्या प्रयोगाला खरे परीक्षक प्रथमच मिळाले होते, आणि नापास झाल्यावर पुन्हा बसायची सोय नव्हती.

आतल्या बाजूची, वळचणीखालची एक भिंत रंगातून सुटली होती. तिथे फक्त सकाळचा पहिला हात होता, साध्या चुन्याचा, पांढरा. अण्णांनी डब्याच्या तळाशी उरलेले हिराकसाचे खडे पातेल्यात विरघळवले. पाणी स्वच्छ झालं, जेमतेम हिरवट. त्यांनी ते फौजदारांना दाखवलं, हुंगायला दिलं आणि कुंचलाही त्यांच्याच हातात दिला.

"तुम्हीच ओढा. मी ओढलं तर म्हणाल हातचलाखी."

"काय काढू?"

"काहीही."

फौजदार भिंतीसमोर विचार करत उभे राहिले. सरकारी नोकराला भिंतीवर लिहायची परवानगी मिळाली तर काय सुचणार? शेवटी शाळेत पाटीवर लिहायचे तसं त्यांनी मोठ्ठं "श्री" काढलं. पाण्याचं. ओलं, फिकं, दोन पावलं मागे गेलं तर दिसेना.

मग सगळे बसले. सुभद्राने चहा आणला. एका कपात अण्णांनी हिराकसाचा एक खडा टाकून फौजदारांना चहा काळा होताना दाखवला, कारण वेळ काढायला काहीतरी पाहिजे होतं. फौजदार म्हणाले, "आणि मी प्यायलेला?" अण्णा म्हणाले, "तो दुसरा." तरी फौजदारांनी पुढचा घोट घेतला नाही.

वेळ गेला. भिंत पांढरीच. ढग परत आले होते, वारा पडला होता, वळचणीखाली तर हवा मुळीच हलत नव्हती. "श्री" कुठे काढला होता तेसुद्धा अण्णांना आता नक्की सांगता येईना. मनमोहनराव कुलपाची कडी उघडबंद करत होते. टक, टक.

"मास्तर," चौबळ शेवटी म्हणाले, त्यांचा सूर खरोखर मऊ होता, "मला संध्याकाळच्या आत वर्दी द्यायची आहे."

"ओल फार आहे," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. "ओलीतून हवा आत पोचत नाही. हवा पोचायला पाहिजे..."

"वारो व्हयो मा?" वरून सुभद्रा कडाडली. "मगे इतक्या वेळ गप कित्याक ऱ्हवलास? घेवा वारो!"

ती जिन्याने धाडधाड खाली आली. हातात सूप होतं, तांदूळ पाखडायचं. पदर खोचला आणि भिंतीसमोर उभी राहून तिने सुपाने वारा घालायला सुरुवात केली. तिच्यामागून शेजारीण आली, तिच्या हातात सूप. मग आणखी बायका. कोणाकडे सूप, कोणाकडे शेगडीचा विंझणा, एकीकडे पाट. वळचणीखाली नुसतं वादळ सुटलं. शिपायांच्या टोप्या उडाल्या. एक म्हातारी ओरडली, "लक्ष्मीक इतको वारो कोणी घालूक नाय!" फौजदार चौबळ हातात बशी धरून त्या वाऱ्यात बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कित्येक महिन्यांनी, काहीतरी हसण्यासारखं दिसत होतं.

"थांबा!" अण्णा म्हणाले.

सुपं थांबली. पांढऱ्यावर एक हिरवट सावली उभी होती. ती मळकट झाली. तिच्या कडांना पिवळं फुटलं. मग पिवळं आत सरकलं, तांबूस झालं, आणि भिंतीने, सावकाश, कोणाची घाई न ऐकता, फौजदार चौबळांच्या ठळक सरकारी अक्षरातलं "श्री" सगळ्यांसमोर काढून दाखवलं. भगवं.

मग गुणाजी शिपायांच्या मधूनच म्हणाला, "म्हंजे रंग पाण्यात होतोच. हवेन तो फक्त उघडो केलो."

"शाबास!" अण्णा म्हणाले. त्यांना खोली, कुलूप, चौकी, काही आठवत नव्हतं. "अगदी तेच!"

फौजदार उठले. भिंतीजवळ गेले. स्वतःच्या अक्षराला बोट लावून बघितलं. मग गुणाजीच्या खांद्यावर थाप मारून त्याला बाजूला केलं आणि शिपायाला वर्दी सांगितली, "भिंतीचा रंग हवेमुळे बदलला. कट आढळला नाही."

"असं कसं?" मनमोहनराव उसळले. "कट नाही?"

"असेल तर मी त्यात आहे, रावसाहेब. हे बघा माझं अक्षर."

ते गेले. अंगणात मनमोहनराव उरले, कुलूप उरलं आणि अण्णा उरले. मनमोहनरावांचा राग उतरत होता, पण माणसाला माघार घेताना काहीतरी जिंकल्यासारखं पाहिजे असतं.

"बरं. खोली ठेव," ते म्हणाले. "पण एका अटीवर. हे लोखंड बंद. तांबं शिकव, पितळ शिकव, पाहिजे तर भूगोल शिकव. लोखंड माझ्या चाळीत नको."

खोली परत मिळत होती. फक्त "बरं, भाई" एवढंच म्हणायचं होतं, आणि अण्णांनी ते दोन शब्द जन्मभर म्हटले होते. कंडक्टरला, हेडमास्तरांना, बैलांना. सुभद्रा सूप धरून उभी होती. गुणाजी बघत होता.

"नाही, भाई," अण्णा म्हणाले. "लोखंड नाही तर मी पण नाही. लाव कुलूप."

आपण हे बोललो, यावर सगळ्यांत कमी विश्वास त्यांचा स्वतःचाच होता.

मग सुभद्रा पुढे झाली, तिने मनमोहनरावांच्या हातातलं कुलूप वजन केल्यासारखं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "लावा, शेट, लावा. कुलूप लोखंडाचा हा. हय दर्याचो खारो वारो हा, आणि आमच्याकडे सुपा आसत. गणपतीपर्यंत गंजान आपोआप पडतला."

पहिलं हसू कोणाचं फुटलं ते सांगता येत नाही. मनमोहनराव म्हणतात की त्यांचंच. त्यांनी कुलूप कोटाच्या खिशात घातलं, कोट एका बाजूला लोंबला, आणि तसेच एका खांद्याने वाकडे ते ट्रामकडे चालू लागले.

गोष्ट इथे संपली असं अण्णांना वाटलं. पण प्रयोग एकदा तीन मजल्यांच्या चाळीसमोर केला की तो करणाऱ्याचा राहत नाही.

त्या आठवड्यात वाण्यांकडचा हिराकस संपला. दिवसाढवळ्या, भर दुपारी, बायका हातात पातेली आणि कुंचले घेऊन चुन्याच्या भिंतींसमोर उभ्या राहू लागल्या. शिपायाने विचारलं, "काय चाललंय?" तर सुभद्रा सांगे, "भिंत धुतंय. गणपती येतले." शिपाई बघायचा, भिंतीवर नुसतं पाणी. तो पुढे जायचा. आणि तो कोपऱ्यावरून परत येईपर्यंत ऊनवाऱ्याने आपलं काम केलेलं असायचं. करी रोडपासून हिंदमातेपर्यंत भिंतीमागून भिंत बोलत होती, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे", आणि लिहिताना कोणाला कोणी पाहिलेलं नव्हतं. वरून चौबळांना जाब विचारला गेला, कोण लिहितं हे? चौबळांनी छाती पुढे काढून सांगितलं, "हवा, सर."

अण्णा आता लालबागला न उतरता पुढे हिंदमातेपर्यंत जात आणि ट्रामच्या खिडकीतून हे सगळं बघत. घोषणा त्यांनी उभ्या जन्मात कधी दिली नव्हती. ते फक्त पेपर तपासत होते. "हिंदमातेजवळ द्रावण पातळ झालंय," ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत. "परळच्या वळणावर मात्र उत्तम. तिथे कोणीतरी दोन हात दिलेत." कपाटाची किल्ली जानव्याला बांधून फिरणाऱ्या हेडमास्तरांच्या शाळेत एकालाही न कळलेला धडा अर्ध्या गिरणगावाने आठवड्यात पाठ केला होता, तोही खडूशिवाय.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, तेव्हा चाळीत मोठा सत्कार झाला. सत्कार मनमोहनरावांचा. "छप्पन सालीच," त्यांनी हार गळ्यात ठेवून सांगितलं, "सरकारी साहेबाच्या तोंडावर मी माझी संपूर्ण चाळ भगवी केली!" लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, कारण चहा त्यांच्याकडून होता. यथावकाश ते जे. पी.सुद्धा झाले. अण्णा मागच्या रांगेत दुर्गावहिनींच्या कानात कुजबुजत होते, "भगवी नव्हे, फेरिक." वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे हो. त्यांना एवढंच कळतं."

भाषण चालू असताना अण्णा उठले आणि खोलीत गेले. चटईवर नवी मुलं बसली होती. चाळीला दरवर्षी चुना लागतो, पण वळचणीखालची तेवढी चौकट गुणाजी सोडून देतो, आणि अण्णा पहिल्या दिवशी सगळ्यांना तिथेच नेऊन उभं करतात. त्या दिवशीही नेलं. बाहेर मनमोहनराव माइकवर गरजत होते. अण्णांनी फौजदारांच्या "श्री"कडे बोट दाखवलं आणि वाट बघत राहिले. मुलं बराच वेळ बघत होती. मग मागच्या रांगेतून एक पोरगी म्हणाली, "पण ह्या कित्याक असा जाता?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "बसा," ते म्हणाले. "कोणाला घाई नाही ना?"